राक्षसाला परत बोलवा

वरच्या मजल्यावर साताऱ्याची मुलगी भाड्याने राहायला आली त्याच दिवशी मी जिन्यातून तिला ओरडून सांगितलं, "टंकी भरली की मोटर बंद करून देशील, नाहीतर सगळी छत गीली होऊन जाते." ती दोन पायऱ्या खाली आली आणि फार नम्रपणे म्हणाली, "काकू, तुम्ही मराठीच बोलता ना?"

मला हसूच आलं. माझे आजेसासरे मिलमध्ये कारकून म्हणून इंदूरला आले, तेव्हापासून आमच्या घरात मराठीच बोलतात. पण ती इकडची मराठी. मी शाळेत हिंदी शिकवते, दूधवाल्याशी मालवी बोलते आणि घरी येऊन मराठी बोलायला लागले की तिन्ही आपापल्या चपला घालूनच आत येतात. मुलगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला आली होती. शुद्ध बोलायची, शुद्ध लिहायची, आणि पोह्यांवर शेव घालायची की नाही याचा तिला अजून विचार करावा लागायचा. हळूहळू ती रात्रीचं जेवण माझ्याकडेच करायला लागली. माझे यजमान जाऊन आठेक वर्षं झाली होती, लेक पुण्याला नोकरीत रमलेली. दोन पोळ्या जास्त लाटायला मिळाल्या की माझे हात खूश असायचे.

थंडीत लालबागेच्या मैदानावर मराठी मंडळींचा मेळा भरतो. दिवसभर थालीपिठाचे, मासवड्यांचे, साड्यांचे ठेले, संध्याकाळी स्टेजवर कार्यक्रम. त्या वर्षी मेळा भरवणाऱ्या मंडळाने आमच्या भाडेकरूला विचारलं, तुम्ही लिहिता म्हणे, एखादी एकांकिका बसवा की. तिने बसून एक गोष्ट लिहिली. ती वाचून दाखवायला ती माझ्याच स्वयंपाकघरात आली, कारण वर थंडी फार वाजते असं तिचं म्हणणं.

गोष्ट अशी होती. एका गावाबाहेर जुनी बावडी आहे. तिने आधी 'बारव' लिहिलं होतं, मी म्हटलं, इकडे बावडी म्हणतात. त्या बावडीत एक राक्षस राहतो. गावातल्या लोकांनी त्याच्याशी करार केलाय: रोज एक ताट पायऱ्यांवर ठेवून यायचं, मग तो पाणी भरू देतो. ताट ठेवणारा माणूस ठेवतो आणि जीव घेऊन पळतो. एक दिवस ही पाळी एका बाईवर येते. बाई स्वयंपाक करणारी. ती ताट ठेवते, पण पळत नाही, कारण तिला आपलं ताट परत हवंय. गावात लग्न आहे, भांडी कमी आहेत. ती पायरीवर बसून राहते आणि राक्षसाला म्हणते, "जेवा लवकर, मला खोळंबा होतोय." तिथून पुढे ती रोज येते, आणि दोघांचं प्रेम जमतं. शेवटी शाप सुटतो, धूर होतो, आणि राक्षसाचा देखणा राजपुत्र होतो.

"काकू, कशी वाटली?"

"बाई छान आहे," मी म्हटलं. "शेवटी तो राजपुत्र कशाला होतो?"

"शाप असतो ना, काकू. तो सुटायला नको का?"

मी पोळी उलटली.

बाईच्या भूमिकेसाठी मंडळाच्या हॉलवर पाच-सात मुली आल्या. गोड पोरी, पण मराठी वाचताना त्यांची गाडी घाटात अडकायची. वाक्य होतं, 'सांजवेळी मनात काहूर उठतं.' एकीने थांबून विचारलं, "काहूर म्हणजे कोणता पक्षी, ताई?" भाडेकरूने डोळे मिटून घेतले. मी मागच्या रांगेत थर्मास घेऊन बसले होते. नुसतं सांगावं म्हणून मी ते वाक्य म्हणून दाखवलं. मग पुढचंही म्हटलं. आदल्या आठवड्यात स्वयंपाकघरात इतक्यांदा ऐकलं होतं की पाठच झालं होतं.

"काकू, तुम्हीच करा," ती म्हणाली.

"अगं, पंचावन्न वर्षांची आहे मी."

"राक्षस सातशे वर्षांचा आहे."

मी थर्मास खाली ठेवला आणि पुढे गेले.

राक्षस मिळायला जास्त वेळ लागला. मंडळातले पुरुष एकजात निवृत्त, सडसडीत आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणारे. एकाने डरकाळी फोडून दाखवली आणि त्याला ठसका लागला. तेवढ्यात हॉलच्या दाराशी कोणीतरी स्टेजचं माप घ्यायला आलेल्या माणसांवर ओरडलं, "अरे भिया, फीता सीधा पकड! रांगोळी काढतोयस का?" त्या आवाजाने खिडकीच्या काचा थरथरल्या. भाडेकरूने मागे वळून पाहिलं आणि उभीच राहिली.

दारात टेंटहाउसवाले उभे होते. इंदूरच्या आमच्या भागातल्या निम्म्या लग्नांचे मांडव त्यांचेच. दारात मान वाकवून आत यावं लागेल इतके उंच, खांदे कपाटासारखे. डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत भाजल्याचा मोठा डाग, त्या बाजूची भुवई अर्धीच. लहानपणी वडिलांबरोबर मांडवाच्या कामाला गेले असताना गॅसबत्ती अंगावर फुटली होती. नवी माणसं त्यांच्याशी बोलताना उजव्या गालाकडे बघून बोलायची. मी त्यांना ओळखत होते ते वेगळ्या कारणाने. लेकीच्या लग्नात मी आकाशी झालर सांगितली होती आणि यांनी गुलाबी लावली. मी भर मांडवात भांडले होते. एवढा मोठा माणूस, पण मान खाली घालून उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनीजी, आकाशी धुवायला गेली, तर सुकलीच नाही. आता तुम्ही मला मारा, पण बरात येऊ द्या."

"तुम्ही नाटकात काम कराल?" भाडेकरूने थेट विचारलं.

त्यांनी मागे वळून पाहिलं, आपल्यामागे कोणी आहे का म्हणून.

"राक्षसाचं आहे," ती म्हणाली, आणि मग तिची जीभ दातांखाली गेली. हॉलमध्ये सगळे एकदम आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागले.

ते मात्र हसले. "ते तर ठीक आहे मॅडम, वो रोल तो मला शोभेल. पण माझी मराठी एकदम रद्दी आहे."

तालमी सुरू झाल्या. पहिल्या दिवशी त्यांच्या हातात वाक्य आलं, 'हे मानवी, तुझ्या पाऊलखुणांनी माझ्या एकांताला तडा गेला आहे.' त्यांनी ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा 'तडा'च्या ऐवजी 'वडा' म्हणाले. मग कागद खाली ठेवून फार विचारपूर्वक म्हणाले, "मॅडम, एक बोलू? हा राक्षस मालव्याचा आहे ना?"

"हो."

"सातशे सालांपासून इथेच राहतो?"

"हो."

"तर मग तो असा पुण्यासारखा का बोलतोय?"

"मी साताऱ्याची आहे," भाडेकरू म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी ती नवी वाक्यं घेऊन आली. रात्री मला दोन-चारदा खाली येऊन विचारून गेली होती, 'काकू, तुमच्याकडे पळून जाण्याला काय म्हणतात?' आता राक्षस आपल्यासारखा बोलायला लागला आणि नाटकात जीव आला. एक वाक्य मला आजही तसंच ऐकू येतं: "इतकी वर्षं लोक थाली ठेवून भागून जातात. मी जेवून होईपर्यंत कोणी बैठलंच नाही."

ते वाक्य ते जसं म्हणायचे, त्यात अभिनय नव्हता. तालीम संपल्यावर चहा पिताना मी सहज विचारलं, तुम्ही जेवता कुठे? एकटेच होते ते. आई होती तोवर आईपाशी, नंतर दुकानामागच्या खोलीत. म्हणाले, "सीझनमध्ये रोज शादीचं जेवण असतं की. हजार माणूस आपल्या मांडवाच्या कपड्याखाली जेवतो. सगळे गेले की मी भट्टीपाशी उभ्या-उभ्या खाऊन घेतो. पंगतीत बसायचं काम नाही पडलं कधी."

दुसऱ्या दिवशी मी डबा नेला. सगळ्यांना सांगितलं, रिकामं ताट घेऊन तालीम नीट होत नाही, खरं अन्न असलं की हात बरोबर चालतात. वरण, भात, बटाट्याची भाजी, आणि वरणावर शेव. भाडेकरू वरणावरची शेव बघून हादरली. राक्षसाने नाटकातलं ताट शेवटच्या दाण्यापर्यंत पुसून खाल्लं आणि पुढचं वाक्य विसरला.

"तुमचं वाक्य आहे," मी कुजबुजले.

"माहीत आहे. पण तोंडात भात आहे, वहिनीजी."

त्यानंतर डबा रोजचाच झाला. मी पायरीवर, म्हणजे लाकडी खोक्यावर, बसून राहायची आणि ते जेवायचे. नाटकात तो प्रसंग दोन मिनिटांचा होता. तालमीत तो वाढत वाढत अर्ध्या तासावर गेला. मेथीची भाजी कडू लागली तर ते खरं सांगायचे. भाकरी थापते म्हटल्यावर त्यांना त्यांच्या आईच्या हातच्या मक्याच्या भाकरीची आठवण झाली. गौतमपुऱ्याकडचं आजोळ, तिथल्या शेतातले हरभऱ्याचे सोलाणे, असं काय काय निघत जायचं. भाडेकरू वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं दाखवायची आणि आम्हाला थांबवायची नाही.

आणि मग खुर्ची आली. हॉलमधल्या लोखंडी खुर्च्यांवर बसून माझी पाठ धरायची, हे मी एकदा बोलून गेले होते. तिसऱ्या दिवशी मी हॉलवर पोचले तर मध्यभागी लाल मखमलीची, सोनेरी पायांची, पाठीवर दोन मोर असलेली भलीमोठी खुर्ची. स्टेजवर नवरी बसते ती. त्यांचा माणूस टेम्पोतून उतरवून गेला होता.

"ही कोणाला?" मी विचारलं, जणू कळलंच नाही.

"बैठून तर बघा," ते म्हणाले. "हिची गादी नवी आहे. जोडीची दुसरी दुकानातच ठेवली, म्हटलं लोक काहीतरी बोलतील."

लोक एका खुर्चीवरही बोललेच. मंडळातल्या बायका येता-जाता म्हणायच्या, "काय मग, महाराणी?" मी त्या खुर्चीत बसून स्वेटर विणायची आणि ऐकू न आल्यासारखं करायची. पण घरी आल्यावर आरशासमोर केस विंचरताना मी स्वतःला हसताना पकडलं.

एक अडचण होती. ते मला वहिनीजी म्हणायचे आणि मी त्यांना भाऊ. नाटकात बाईने राक्षसाला काय म्हणावं, हे भाडेकरूने लिहिलंच नव्हतं. एका तालमीत राक्षस माझ्याकडे पाठ करून बसला होता आणि मला त्याला हाक मारायची होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो."

ते वळले. आणि वळलेलेच राहिले. त्यांच्या त्या अर्ध्या भुवईखालचा डोळा इतका गोंधळला होता की मला पुढचं काही सुचेना.

"काकू, हे राहू दे," भाडेकरू हळूच म्हणाली. "'अहो' छान आहे."

त्या दिवसापासून त्यांनी मला वहिनीजी म्हणणं सोडलं. नुसतं "ऐका ना" म्हणायचे. मीही भाऊ म्हणेना. आम्ही दोघं एकमेकांना काहीच न म्हणता बोलायला लागलो. हे किती अवघड असतं ते करून बघा.

मेळ्याच्या आधी मंडळाचे अध्यक्ष तालीम बघायला आले. खूश झाले. हसले, टाळ्या वाजवल्या. मग शेवटाकडे आल्यावर म्हणाले, "इथे राजपुत्र होतो ना? तो जरा बघण्यासारखा पाहिजे. आपले ते तरुण डेंटिस्ट आहेत, त्यांना घेऊ. धूर झाला की हे मागे जातील, ते पुढे येतील. लोक एवढ्या थंडीत येतात, शेवट गोड नको का?"

हे सगळं टेंटहाउसवाल्यांच्या देखत. डोक्यावरचा मुखवटा काढून ते तिथेच घाम पुसत उभे होते. कोणी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "बरोबर आहे साहेब. माझा मास्क काढला तर लोक म्हणतील, दुसरा मास्क निघाला."

सगळे हसले. तेही हसले. मला हसू आलं नाही. मी भाडेकरूकडे बघितलं, तिने मान खाली घातली. नवी होती बिचारी, मंडळाने पहिल्यांदा काम दिलं होतं. अध्यक्षांसमोर काय बोलणार?

त्या संध्याकाळी घरी येऊन मी भाजी करपवली. लेकीचा फोन आला तेव्हा तिला सगळं सांगितलं. डेंटिस्ट, धूर, गोड शेवट. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आई, नाटक आहे गं. तू एवढी का चिडलीयेस?"

"कोण चिडलंय? मी चिडलेली नाहीये."

"कढई घासतेयस ना? मला इथपर्यंत ऐकू येतंय."

नाटकाच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. लालबागेच्या मोकळ्या मैदानावर वारं थेट अंगात शिरत होतं. प्रेक्षक शाली, कानटोप्या, गोधड्या घेऊन बसलेले. राक्षसाचा पोशाख त्यांच्याच माणसांनी टेंटच्या जुन्या गालिच्यातून शिवला होता, वर सुतळीचे केस, थर्माकोलची शिंगं. विंगेत आम्ही सगळे कुडकुडत होतो आणि राक्षस एकटा घामाघूम होता. मी नऊवारी नेसून उभी, दात वाजत होते. त्यांनी गालिच्याचा एक हात पुढे केला. "पकडा. गरम आहे." मी तो दोन्ही हातांत धरून उभी राहिले, आमचं नाव पुकारेपर्यंत.

नाटक असं रंगलं की मला आता आठवतं ते तुकड्या-तुकड्यांत. राक्षस पहिल्यांदा गुरगुरला तेव्हा पुढच्या रांगेतलं एक पोर रडलं, आणि राक्षस गुरगुरायचं सोडून म्हणाला, "अरे रो मत बेटा, मी शाकाहारी आहे." सगळं मैदान हसलं. तो जेवायला बसला आणि मी वरणावर शेव घातली, तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "हां, अब बनी बात!" मी "अहो" म्हटलं तेव्हा बायकांच्या बाजूने एक लांब 'ओऽऽ' आला. आणि ते वाक्य, 'मी जेवून होईपर्यंत कोणी बैठलंच नाही', ते म्हणाले तेव्हा त्या उघड्या मैदानावर क्षणभर फक्त भजी तळल्याचा आवाज राहिला.

मग धूर आला. धुराचं मशीनही टेंटहाउसचंच, आणि ते चालवणाऱ्या माणसाने उत्साहात सगळं सोडून दिलं. मला माझेच हात दिसेनात. माझ्या शेजारून गालिचा सरकत गेल्याचं कळलं. धूर ओसरला तेव्हा समोर डेंटिस्ट उभे. जरीचा अंगरखा, फेटा, सरळ नाक, पांढरेशुभ्र दात. देखणे होते, खोटं का बोलू? ते खोकले, सावरले आणि माझ्याकडे हात पसरून म्हणाले, "सखे, शाप सुटला. मीच तो."

माझं वाक्य होतं, 'नाथ, आज माझ्या तपाला फळ आलं.'

ते मला येत होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मी त्या माणसाकडे बघितलं आणि मला खरोखरच वाटलं की हे कोण? यांना मी कधी जेवायला वाढलं? मेथी कडू झाली होती हे यांना माहीत आहे का?

"तुम्ही कोण?" मी म्हटलं.

डेंटिस्टांनी विंगेकडे बघितलं. "मी... मीच तो. राजपुत्र."

"असाल. पण इथे एक राक्षस होता, तो कुठे गेला?"

"तोच मी झालो ना..."

"नाही हो. त्याचा आवाज असा नाही. त्याचं जेवण अजून अर्धं राहिलंय, हे बघा ताट." मी खरंच ताट उचलून दाखवलं. "माझा राक्षस मला परत द्या. मला राजपुत्र नको."

डेंटिस्टांनी पसरलेले हात खाली घेतले. मग मागून, अगदी मागून, कानटोपीतून कोणीतरी ओरडलं, "अरे भिया, राक्षसाला परत बोलवा!" आणि मग सगळेच ओरडायला लागले. राक्षसाला बोलवा, राक्षसाला बोलवा. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. मघाशी रडलेलं पोर सगळ्यात जोरात ओरडत होतं.

विंगेत त्यांना वाटलं होतं, आपलं काम झालं. ते मुखवटा काढून चहा पीत होते. भाडेकरूने त्यांना मागून ढकललं, असं ती नंतर कबूल झाली. ते स्टेजवर आले ते तसेच: गळ्याखाली गालिचा, वर त्यांचं स्वतःचं डोकं, एका काखेत शिंगांचा मुखवटा आणि दुसऱ्या हातात चहाचा ग्लास. दिव्यांच्या झोतात तो डाग पूर्ण दिसत होता. त्यांना तो झाकायला हातच मोकळा नव्हता.

"काय झालं?" त्यांनी मला विचारलं. माइकवर सगळ्यांना ऐकू गेलं.

"काही नाही," मी म्हटलं. "मी घाबरले होते. म्हटलं, आता अनोळखी माणसाबरोबर संसार करावा लागतो की काय."

त्यांनी डेंटिस्टांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, प्रेक्षकांकडे पाहिलं. "म्हणजे ऐसाच चालेल?"

"चालेल काय? दौडेल!" मी म्हटलं.

शिट्ट्या, टाळ्या, कोणीतरी हवेत कानटोपी उडवली. डेंटिस्ट भला माणूस. त्याने आपला फेटा काढून यांच्या डोक्यावर ठेवला आणि स्वतःच टाळ्या वाजवत विंगेत गेला. फेटा लहान पडला.

पडदा पडल्यावर अध्यक्ष तरातरा मागे आले. "शेवट बदललात तुम्ही!" त्यांच्यामागून त्यांच्या पत्नी आल्या, डोळे पुसत. त्या म्हणाल्या, "अहो, चला आता. चांगला होता शेवट." आणि त्यांना हाताला धरून घेऊन गेल्या.

आम्ही दोघं स्टेजमागे खोक्यांपाशी राहिलो. ते पाठीमागची चेन ओढायचा प्रयत्न करत होते, मी ती सोडवायला गेले.

"तुम्ही बोललात ते स्क्रिप्टमध्ये नव्हतं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"मला पूर्ण स्क्रिप्ट पाठ आहे. तुमची पण."

चेन निघाली. त्यांनी गालिचा खाली टाकला आणि थंडीत त्यांच्या अंगातून वाफा निघाल्या, नुकत्याच उतरवलेल्या भाताच्या पातेल्यासारख्या. मग ते म्हणाले, "ऐका ना. मी आता तुम्हाला काय म्हणू? वहिनीजी म्हणू की..."

"वहिनीजी नको," मी म्हटलं. "बाकी काही म्हणा."

मी घरी पोचायच्या आधी व्हिडिओ पुण्याला पोचला होता. लेकीचा फोन. "आई, हे मी काय बघतेय?"

"नाटक आहे गं," मी तिचंच वाक्य तिला परत दिलं.

"हे नाटक नाहीये," ती म्हणाली. मग हळूच, "तुला अशी हसताना मी खूप वर्षांत बघितलं नव्हतं."

तिला रजा मिळाली तशी ती आली. स्टेशनवर तिला घ्यायला ते गेले, आणि घाबरून कार न नेता सवयीने गाद्यांचा टेम्पो घेऊन गेले. माझी लेक लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन टेम्पोत पुढे बसून घरी आली. तिने त्यांना अंगणात चहा दिला, समोर बसली आणि सरळ त्यांच्या चेहऱ्याकडे, डाव्या बाजूकडे बघत विचारलं, "माझ्या लग्नात गुलाबी झालर तुम्हीच लावली होती ना?"

"हो बेटा."

"मला गुलाबीच हवी होती. आई ऐकत नव्हती."

ते इतके हसले की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

रात्री ती माझ्या शेजारी झोपली. तिच्या बाबांबद्दल बोललो. ते टापटिपीचे, मितभाषी. त्यांच्याबरोबरही मी सुखात होते, आणि ते सुख कुठे गेलेलं नाही, हे मी तिला सांगितलं. ती थोडी रडली. मग म्हणाली, "हे घोरत असतील गं." मी म्हटलं, "आवाजावरून तरी तसंच वाटतं." आणि आम्ही दोघी तोंडावर रजई घेऊन हसलो.

लग्न आम्ही नोंदणी करून केलं. साक्षीदार म्हणून लेक, भाडेकरू आणि डेंटिस्ट. मांडव घालायचा नाही असं ठरलं होतं. माणसाने रोज दुसऱ्यांसाठी तेच केलं, निदान स्वतःच्या दिवशी सुटी घ्यावी. त्यांच्या माणसांनी ऐकलं नाही. आम्ही कचेरीतून परतलो तर आमच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत कापड ताणलेलं, आणि सगळ्या शेजाऱ्यांची पंगत. यांना मी मधोमध बसवलं आणि उठूच दिलं नाही. भट्टीकडे सारखी नजर जात होती, पण बसले.

भाडेकरू पुढच्या वर्षी कॉलेजच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. डेंटिस्ट तिच्याकडे वरचेवर दातांशी संबंध नसलेल्या कामांसाठी जातात, असं ऐकते. विचारलं की ती म्हणते, "काकू, उगाच काय टेन्शन लेता?" साताऱ्याची मुलगी!

परवा हातोदला एका लग्नाचं काम होतं. शाळेला सुटी, म्हणून मीही गेले. मंडीजवळचं उघडं मैदान, मांडव जवळपास उभा, आणि दुपारी एकाएकी वावटळ उठली. कापड फुगलं, बांबू डुलायला लागले, नवरीचे वडील डोक्याला हात लावून बसले. यांनी आवाज टाकला. माणसं धावली, एक दोर मात्र सुटा राहिला. मी पदर खोचला आणि तो धरला. चार पावलं फरपटत गेले, मग टाचा रोवून उभी राहिले. धूळ डोळ्यांत, तोंडात. पलीकडच्या टोकाला ते दुसरा दोर धरून उभे, मला बघून ओरडले, "अगं सोड! उडून जाशील!"

"तुम्हीच धरा नीट!" मी ओरडले. "माझ्याकडे बघू नका, बांबूकडे बघा!"

वारं बसेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो. मधे ते मोठं, पिवळं, फडफडणारं कापड.